सुटा आवाज ऐकताना

चोपड्याच्या एका तरुण संगीत संयोजकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते घरातल्याच एका खोलीत अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करतात. गेल्या काही महिन्यांत त्यांनी १९६० ते १९८५ या काळातील गाजलेल्या इंग्रजी पॉप गाण्यांचे सुटे ट्रॅक, म्हणजे फक्त गळा, फक्त बेस गिटार किंवा फक्त ड्रम, पुष्कळ ऐकले. त्यांत श्वास ऐकू येतात, पायाने धरलेला ठेका ऐकू येतो, एखादा सूर किंचित उतरलेलाही असतो आणि तरीही तो गळा जिवंत वाटतो. स्वतःच्या गाण्यातला गळा मात्र ते श्वास कापून, सूर दुरुस्त करून, मागचा आवाज पुसून स्वच्छ करतात आणि तो निर्जीव लागतो. हे सुटे ट्रॅक खरे असतात का, ते कसे ऐकावेत आणि त्यांतून आपल्या कामासाठी काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मुंबईत काही वर्षे उमेदवारी करून मी जळगावात ध्वनिमुद्रणाचे काम सुरू केले, त्याला आता २६ वर्षे झाली. सुटे ट्रॅक मी स्वतः ऐकतो आणि हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांनाही ऐकवतो, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तो ट्रॅक एकट्याने ऐकला जावा, या हेतूने कोणी मुद्रित केलेला नव्हता. गळ्याला धार किती द्यायची, बेस किती बोथट ठेवायचा, ड्रमवर कापड टाकायचे की नाही, यातला प्रत्येक निर्णय त्या माणसांनी शेजारचे वाद्य कानात ठेवून घेतला होता. त्यामुळे सुटा ट्रॅक ऐकून झाल्यावर तो परत गाण्यात ठेवून ऐकला नाही, तर त्यातून उलटाच धडा घेतला जातो. तुमच्या तक्रारीचे मूळही मला बऱ्याच अंशी तिथेच दिसते.

ट्रॅक खरे असतात का, याचे उत्तर ते कुठून आले यावर अवलंबून आहे. काही ट्रॅक कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले आहेत. बीच बॉइज या अमेरिकी गटाच्या १९६६ सालच्या 'पेट साउंड्स' या ध्वनिमुद्रिकेवर १९९७ मध्ये एक मोठा संच निघाला. त्यात प्रत्येक गाण्याचा नुसता वाद्यवृंद आणि नुसते गळे वेगवेगळे दिलेले आहेत. बीटल्सच्या 'बिकॉज' या गाण्याचे नुसते गळे १९९६ सालच्या 'अँथॉलॉजी ३' मध्ये आहेत. शिकणाऱ्याने सुरुवात अशा अधिकृत ट्रॅकपासून करावी, असे मी आग्रहाने सांगतो. दुसरा मोठा साठा व्हिडिओ गेममधून बाहेर आला. 'रॉक बँड' हा खेळ २००७ मध्ये आला आणि बीटल्सवरची त्याची आवृत्ती २००९ मध्ये. खेळणाऱ्याने गिटार चुकवली की फक्त गिटारच बंद पडावी, अशी सोय हवी असल्याने त्या खेळांत गाणी वाद्यवार सुटी भरलेली होती आणि लोकांनी ती काढून घेतली. हे ट्रॅक बहुतांशी मूळ टेपवरूनच आलेले असले, तरी खेळासाठी ते साफ केलेले, काही वेळा दोनतीन वाद्ये एकत्र केलेले असतात, एवढे ध्यानात ठेवावे. तिसरा आणि आज सर्वांत मोठा साठा यंत्राने वेगळ्या केलेल्या ट्रॅकचा आहे. तयार गाणे संगणकाला द्यायचे आणि त्याने अंदाजाने गळा एकीकडे, वाद्ये दुसरीकडे करायची. हे तंत्र फार पुढे गेले आहे. २०२३ मध्ये निघालेल्या बीटल्सच्या 'नाउ अँड देन' मधला जॉन लेननचा गळा एका घरगुती कॅसेटवर पियानोसह गुंतलेला होता आणि तो याच मार्गाने सोडवला गेला. परंतु मोबाइलवरच्या फुकट ॲपने काढलेला गळा ऐकून 'मूळ गळा असाच होता' असे समजणे धोक्याचे आहे.

खरा ट्रॅक ओळखायचा कसा? गायक गात नाही, त्या जागा ऐकाव्यात. खऱ्या ट्रॅकवर त्या जागी टेपची बारीक सूंसूं असते, खोलीची हवा असते, कागद उलटल्याचा, पाय हलल्याचा, खाकरल्याचा आवाज असतो, आणि गायकाच्या हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेले बाकीचे गाणे पातळसर ऐकू येते. आपण त्याला लीकेज म्हणतो आणि दोष समजतो. इथे तीच ओळख पटवणारी खूण असते. यंत्राने काढलेल्या ट्रॅकमध्ये त्या जागी एक तर पूर्ण मुकेपणा असतो, किंवा झांजेचे तुकडे मधूनच चमकून जातात. 'स' आणि 'श' ऐकावेत. यंत्राने काढलेल्या गळ्यात ही अक्षरे पाण्याखालून आल्यासारखी लहरतात, कारण झांज आणि 'स' एकाच उंच पट्टीत, म्हणजे कंपनांच्या एकाच वरच्या भागात, राहत असल्याने यंत्राला ती दोन्ही नीट सोडवता येत नाहीत. ओळ संपल्यावरची घुमार मध्येच तुटत असेल, तर तेही त्याचेच लक्षण समजावे.

एक साधा मार्ग तर कोणतेही यंत्र न लावता उपलब्ध आहे. १९६० च्या दशकातल्या मध्यापर्यंतची अनेक स्टिरिओ मिश्रणे अशी होती, की वाद्ये एका बाजूला आणि गळे दुसऱ्या बाजूला. बीटल्सच्या १९६५ सालच्या 'रबर सोल'चे मूळ स्टिरिओ मिश्रण असेच आहे. एका कानाचा इयरफोन काढला, की गळे जवळजवळ सुटे मिळतात, आणि तो परत घातला, की गाणे पुरे होते. हाताखालच्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, कारण काढणे आणि परत ठेवणे या दोन्ही क्रिया त्यात एका बोटाने होतात.

आता हे ट्रॅक घडले कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे, नाहीतर ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही. आज तुमच्या संगणकात हवे तितके ट्रॅक उघडता येतात. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६३ च्या अखेरीस बीटल्सच्या मुद्रणासाठी चार ट्रॅकचे यंत्र वापरात आले आणि त्यांची १९६७ सालची 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिकाही चार ट्रॅकवरच झाली. चार ट्रॅक भरले, की ते मिसळून दुसऱ्या टेपच्या एकदोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या ट्रॅकवर पुढचे मुद्रण करायचे. एकदा उतरवलेले परत सुटे होत नसे. ड्रम, बेस आणि ताल गिटार एकाच ट्रॅकवर बसले, की बेस कमी वाटला तरी नंतर वाढवायची सोय नव्हती. म्हणून त्या काळातला 'सुटा' ट्रॅक पुष्कळदा सुटा नसतोच. त्यात चारपाच वाद्ये कायमची एकत्र बसलेली असतात, आणि त्यांचा तोल आधीच ठरलेला असतो. 'पेट साउंड्स'मध्येही हीच रीत होती. वाद्यवृंद आधी एका टेपवर घ्यायचा, त्याचे मोनो, म्हणजे डावे-उजवे न करता एकत्र केलेले, मिश्रण दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर ठेवायचे आणि बाकीच्या ट्रॅकवर गळे भरायचे. १९९० च्या दशकात या ध्वनिमुद्रिकेची स्टिरिओ आवृत्ती करताना दोन्ही टेपा पुन्हा जुळवून घ्याव्या लागल्या.

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या स्टुडिओत २४ ट्रॅक मिळू लागले आणि अडचणीतून सुचणाऱ्या युक्त्यांची जागा हौसेने केलेल्या रचनांनी घेतली. यातला एक नमुना अवश्य ऐकावा, असा आहे. टेन सीसी या गटाच्या 'आय'म नॉट इन लव्ह' (१९७५) या गाण्यात मागे जो गळ्यांचा ढग तरंगतो, तो इंग्लंडातल्या स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओत तिघा जणांनी उभा केला. एकेक स्वर तिघांनी १६ वेळा लावला, म्हणजे एका स्वराचे ४८ गळे झाले. सप्तकातल्या प्रत्येक स्वराचे असे सतत फिरत राहणारे टेपचे वर्तुळ केले आणि शेवटी मिक्सरच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांवर, बोटे ठेवून ते हार्मोनियमसारखे वाजवले. त्यांनी फेडरच्या तळाशी चिकटपट्टी लावून ठेवली होती, म्हणजे कोणताही फेडर पूर्ण बंद होऊ नये. त्यामुळे सर्व स्वर सतत अगदी मंद चालू राहिले. नुसता तो ट्रॅक ऐकला तर धूसर, थोडा बेसूरच वाटतो, कारण लागू नयेत असे स्वरही त्यात तळाशी आहेत. गाण्यात मात्र तोच धूसरपणा गळ्यामागची हवा होऊन बसतो.

याहून स्पष्ट उदाहरण बेस गिटारचे आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्याने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन नावाचे वादक होते. १९६० च्या दशकातल्या त्या कंपनीच्या असंख्य गाण्यांचा बेस त्यांचा आहे, पण त्या वेळी ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे छापत नसत. ते उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवत. तारा सपाट वेटोळ्यांच्या आणि जाड. तुटेपर्यंत त्या बदलत नसत. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या घोडीच्या, झाकणाखाली तारांना टेकून स्पंजचा तुकडा असे, आणि वाद्य बहुधा ॲम्प्लिफायर व माइकऐवजी सरळ मिक्सरमध्ये जोडलेले असे. 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' (१९६७) या गाण्यातला त्यांचा सुटा बेस लावून पाहा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो बोथट लागतो, चमक नसलेला, थोडासा मळकट; बोट घासल्याचा आवाज आणि अर्धवट दाबलेल्या तारांचे टोले मध्ये मध्ये येतात. आजचा एखादा मुलगा लगेच त्याला उंच पट्टी वाढवून चकाकी देईल. तसे करू नका. त्याऐवजी गळा चालू करा. गळ्याची, टँबोरिनची आणि व्हायोलिनची सगळी चमक वरच्या पट्टीत आहे आणि तिथे बेसने पायही ठेवलेला नाही. स्पंजमुळे प्रत्येक स्वर लवकर विझतो, म्हणून इतके स्वर वाजूनही तळाशी चिखल होत नाही. मग फक्त बेस आणि गळा एवढेच ऐका. गायक ओळ लांबवतो तेव्हा बेस बोलू लागतो आणि ओळ सुरू झाली की तो समेजवळ येऊन थांबतो. दोघांचा संवाद आहे, आणि तो सुट्या ट्रॅकमध्ये नसतो. दोन ट्रॅक एकत्र लावले की मगच उमगतो.

याच गाण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. द्वंद्वगीत असूनही मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचे गळे वेगवेगळ्या वेळी मुद्रित झाले. आधी टेरेल यांचा, नंतर गे यांचा. आपल्याकडे अहिराणी द्वंद्वगीतात नायकाचा गळा धुळ्यात आणि नायिकेचा नाशकात मुद्रित होतो आणि मग दोघांत जवळीक नाही, अशी तक्रार होते. जवळीक वेगळ्या खोल्यांमुळे जाते, असे मला वाटत नाही. नंतर गाणाऱ्याने आधीचा गळा मन लावून ऐकला नाही, हेडफोनमध्ये त्याला फक्त ताल आणि कीबोर्ड दिला, म्हणून ती जाते. दुसऱ्या गायकाला पहिला गळा भरपूर मोठा द्या. त्याचा श्वास कुठे संपतो, हे त्याला कळले पाहिजे.

श्वास आणि चुका यांविषयी तुम्ही विचारले आहे. मेरी क्लेटन या गायिकेचा 'गिमी शेल्टर' (१९६९) मधला सुटा गळा तुम्ही ऐकलाच असेल. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश गटाच्या या गाण्यासाठी त्यांना लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा घरून बोलावून आणले होते आणि त्या वेळी त्या गरोदर होत्या. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास वरच्या सुरावर जोर देताना त्यांचा आवाज फाटतो, एकदा थोडा, आणि पुढच्या वेळी पुरता. त्या क्षणी मागून गटाचे गायक मिक जॅगर यांचा भारावून निघालेला उद्गार पुसट ऐकू येतो. तो फाटलेला सूर त्यांनी परत घेतला नाही. गाणे युद्धाच्या आणि हिंसेच्या भीतीचे आहे. तिथे आवाज फाटणे अर्थाला धरूनच आहे. पण म्हणून फाटलेला आवाज नेहमीच खरा, असा निष्कर्ष काढू नये. बीटल्सच्या 'बिकॉज'मध्ये तिघांनी एकत्र तीन वेळा गाऊन नऊ गळे उभे केले, आणि त्यात श्वाससुद्धा एका जागी येतात, शब्दाच्या शेवटचे व्यंजन नऊही गळ्यांत एकाच क्षणी मिटते. तिथे एकही सूर फाटला असता, तर त्यांनी तो पुन्हा घेतला असता. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच आहे, की या गाण्याला काय हवे.

मायकेल जॅक्सन यांचे ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी त्यांना गळा मुद्रित करताना लाकडी फळ्यांच्या छोट्या मंचावर उभे केले. गाताना त्यांचा पाय ठेका धरी, बोटे चुटक्या वाजवत, आणि ते आवाज स्वीडीन यांनी मुद्दाम ठेवले. उलट फळ्यांमुळे ते अधिक स्पष्ट उमटले. 'बिली जीन' (१९८२) चा सुटा गळा ऐकलात तर शब्दाच्या आधी पडणारा श्वास जवळजवळ तालवाद्याचे काम करतो, हे लक्षात येईल. हा ट्रॅक ऐकताना मला माझी स्वतःची एक चूक नेहमी आठवते.

१४ वर्षांपूर्वी एरंडोल तालुक्यातल्या एका गावच्या सात बाया कानबाईची गाणी मुद्रित करायला माझ्याकडे आल्या होत्या. श्रावण जवळ आला होता आणि त्यांना उत्सवाआधी सीडी हवी होती. मी त्या काळी प्रत्येक गळा सुटा घेण्याच्या मताचा होतो. पहिल्या बाईंना काचेच्या खोलीत उभे केले, कानाला हेडफोन लावला, त्यात क्लिक, म्हणजे ठेक्याची यांत्रिक टिकटिक, दिला. हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या आणि त्या माइकमध्ये किणकिणत होत्या. बांगड्या काढा, असे सवाष्ण बाईला सांगता येत नाही, म्हणून मी त्यांवर टॉवेल गुंडाळला. सूर बरोबर होता, क्लिकशी गाणे जुळत होते, आणि तरी दोन कडव्यांनंतर त्या थांबल्या. बाहेर बसलेल्या सर्वांत वयस्कर आजी मला म्हणाल्या, "हाई गानं एकलीनं नही शे, भाऊ." तरीही मी तीन तास तसेच सातही गळे घेतले. घरी जाऊन मिश्रण केले आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकून मला स्वतःला लाज वाटली. सात स्वच्छ गळे होते, पण ते एका अंगणात बसलेले नव्हते. त्यांना मी परत बोलावले, हेडफोन आणि टॉवेल काढून टाकले, सतरंजीवर अर्धगोलात बसवले, दोन माइक समोर लावले आणि सगळ्या गाण्यांचे एकेक टेक घेतले. टाळी पडली, की बांगड्या टाळीच्या किंचित मागून वाजत, आणि त्या आवाजाने पुढच्या ओळीचा उठाव मिळत असे. ठेका धरण्याचे जे काम मी क्लिककडून करून घेत होतो, ते त्या बांगड्या करत होत्या. आजींनी तो दुसरा टेक ऐकताना मान डोलावली आणि मधल्या एका ओळीला स्वतःही सूर धरला.

आता तुमचा गळा निर्जीव का वाटतो, याकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून मला दोन कारणे दिसतात. पहिले कारण खान्देशातल्या हवेचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंखा किंवा कूलर लावल्याशिवाय बंद खोलीत गायकाला उभे करता येत नाही. मग मागची घरघर सॉफ्टवेअरने पुसली जाते. हे पुसणारे सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी यंत्राने गळा वेगळा करण्यासारखेच काम करते आणि तशीच इजा करते. वर सांगितलेले लहरणारे 'स' आणि तुटलेली घुमार तुमच्याच फाइलमध्ये शोधून पाहा. मला खात्री आहे की ती सापडतील. उपाय खर्चिक नाही. खोली आधी तासभर थंड करून घ्यावी, मग सर्व बंद करून २० मिनिटे गळा घ्यावा, पुन्हा थंड करावी. पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ आवाजाच्या आणि शांततेच्या दृष्टीने सर्वांत चांगली. मी उन्हाळ्यात बहुतेक गळे तेव्हाच घेतो. थोडी घरघर राहिलीच तर राहू द्यावी. ढोल आणि कीबोर्ड सुरू झाले की ती ऐकू येत नाही, पण पुसल्याची इजा मात्र सगळ्या गाण्यातून ऐकू येते.

दुसरे कारण सोलो बटणाचे, म्हणजे बाकी सगळे बंद करून एकच ट्रॅक ऐकवणाऱ्या बटणाचे आहे. तुम्ही गळा सोलो करून त्यावर तासन् तास काम करता. एकटा ऐकताना श्वास मोठे वाटतात, म्हणून तुम्ही ते कापता. गळा पातळ वाटतो, म्हणून खालची पट्टी वाढवता. कोरडा वाटतो, म्हणून रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमार, चढवता. मग बाकीची वाद्ये सुरू केली, की वाढवलेली खालची पट्टी बेसशी आणि ढोलाशी भांडते, रिव्हर्बमुळे शब्द मागे जातात, आणि श्वास नसल्याने गायक कधी ओळ उचलणार, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. जुन्या इंग्रजी गाण्यांचे सुटे गळे नीट ऐका: बहुतेक गळे एकटे ऐकताना पातळ, थोडे कर्कश आणि पुढे आलेले लागतात. खालची पट्टी कमी केलेली असते, आणि मोठ्या आणि बारीक आवाजातले अंतर कमी करणारा काँप्रेसर इतका लावलेला असतो की श्वास शब्दाच्या जवळजवळ बरोबरीने उचलला जातो. अनेक ट्रॅक कोरडे असतात, कारण घुमार मिश्रणाच्या वेळी वेगळ्या प्लेटमधून, म्हणजे कंप पावणाऱ्या धातूच्या पत्र्यातून, किंवा प्रतिध्वनीच्या खोलीतून दिली जात असे. हा पातळपणा आणि कोरडेपणा त्यांनी गाण्यात जागा मिळावी म्हणून पत्करला. सोलो बटण खुट्कन आवाज, खरखर, चुकीचा पंच, म्हणजे मध्येच पुन्हा भरलेल्या तुकड्याचा चुकलेला जोड, शोधण्यासाठी वापरावे. तोल ठरवण्यासाठी वापरू नये. एकटा सुंदर लागणारा गळा गाण्यात बसत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता बेस आणि ढोल चालू असल्याशिवाय मी गळ्याच्या पट्टीला हात लावत नाही.

काही जण विचारतात, की आपल्या जुन्या हिंदी आणि मराठी गाण्यांचे असे सुटे ट्रॅक का मिळत नाहीत. १९५० आणि ६० च्या दशकातली बहुतेक चित्रपटगीते गायक आणि वाद्यवृंद यांना एकाच वेळी बसवून मोनोमध्ये मुद्रित झाली. गळ्याला आडोसा असे, पण टेप एकच. वेगळे करायला मूळ ट्रॅकच नाहीत. जे मिळतात ते यंत्राने काढलेले. तिथे तोल मिक्सरच्या आधी माणसांच्या बैठकीने आणि माइकपासूनच्या अंतराने ठरत असे. कुणी चूक केली, की शंभर माणसांसह सगळे पहिल्यापासून. म्हणून त्या गाण्यांचा अभ्यास सुट्या ट्रॅकने करू नये. पूर्ण गाणे मोठ्या स्पीकरवर, मोनोमध्ये ऐकावे आणि एकेका वाद्याच्या मागे कान लावावा.

ऐकण्याची माझी रीत अशी आहे. एका आठवड्याला एकच गाणे घ्यावे. पहिले दोन दिवस ते पूर्ण ऐकावे, इतके की वही समोर ठेवून कोणते वाद्य कुठल्या कडव्यात येते आणि कुठे थांबते, हे न ऐकता लिहिता यावे. मगच सुटा ट्रॅक लावावा. सुटा गळा ऐकताना पहिल्यांदा शब्दांकडे दुर्लक्ष करून फक्त श्वास मोजावेत, आणि ते तालाच्या कोणत्या मात्रेवर पडतात ते लिहावे. नंतर व्यंजने कुठे मिटतात ते पाहावे. त्यापुढे दोनदोन ट्रॅकच्या जोड्या लावाव्यात: गळा आणि बेस, बेस आणि ड्रम, गळा आणि कोरस. या जोड्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. प्रत्येक वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण एकटा ट्रॅक बारीक वाटतो म्हणून आपण नकळत आवाज वाढवतो, आणि वाढवलेले सगळेच कानाला बरे लागते. शेवटी पूर्ण गाणे पुन्हा ऐकावे. मोबाइलच्या स्पीकरवर यातले काहीही करू नये. तिथे बेस ऐकूच येत नाही. बाहेर आलेल्या ट्रॅकमधला एखादा ठेका उचलून आपल्या गाण्यात घालण्याचा मोह होतो. ते ट्रॅक कुणाच्या तरी मालकीचे आहेत आणि त्यांचा उपयोग फक्त अभ्यासापुरता ठेवावा.

तुमच्याकडे सध्याच्या गाण्याची न पुसलेली, श्वास न कापलेली मूळ फाइल असेल, तर पुढचे काम तिच्यावर करा. सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर पूर्ण बंद ठेवून ढोल, बेस आणि ती मूळ फाइल एवढेच एकत्र लावा, गळ्याची खालची पट्टी थोडी कमी करा आणि काँप्रेसर लावा. मग ज्या ओळीत सूर खरोखरच कानाला खटकतो, तेवढ्याच ओळीसाठी गायकाला पहाटे पुन्हा बोलवा, आणि त्याला उभे करताना पायातल्या चपला काढायला सांगून खाली सतरंजीऐवजी लाकडी फळी ठेवून पाहा.